हायड्रॉलिक हात : कोपराचा सांधा ताब्यात आला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये मी करत असलेल्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यांत्रिक हाताचं कोपर आता सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबतंय. खांद्याचा सिलिंडर अजून रॅकवरच आहे. आधी एक सांधा पुरता ताब्यात आणायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा, असं ठरवलंय.

कोपराचा सिलिंडर ४० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा), रॉड २२ मिमीचा. पिस्टनच्या पूर्ण बाजूचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेंमी, रॉडच्या बाजूचं ८.७७, गुणोत्तर १.४३. पंपाचं सगळं तेल सिलिंडरला मिळत असेल तर रॉड आत जाताना १.४३ पट वेगानं जातो, कारण त्या बाजूला भरायला तेल कमी लागतं. पण प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (करंटच्या प्रमाणात कमीजास्त उघडणारा) थोडाच उघडला की उलटं होतं. जास्तीचं तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (जादा दाब सोडणाऱ्या) टाकीत परततं, व्हॉल्व्हपाशी दाब जवळपास कायम राहतो आणि प्रवाह फटीत पडणाऱ्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. दोन्ही कडा सारख्या असलेला स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) धरून, भार शून्य मानून गणित मांडा: रॉड बाहेर येण्याचा वेग आत जाण्याच्या वेगाच्या √१.४३ पट, म्हणजे सुमारे १.२ पट निघतो. एकाच सिलिंडरला हळू चालताना एक दिशा चपळ आणि जोरात चालताना दुसरी! कोपर आडवं ठेवून, गुरुत्वाकर्षण बाजूला काढून मोजलं, तेव्हा तसंच दिसलं. मला या प्रकल्पात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. कोडमध्ये आता दोन दिशांना दोन वेगळे गेन (चुकीला किती जोरानं उत्तर द्यायचं ते गुणक) आहेत.

दुसरी गोष्ट डेडबँडची, म्हणजे करंट देऊनही काहीच हलत नाही त्या पट्ट्याची. स्पूल मध्यावर असताना त्याच्या कडा पोर्ट झाकून थोड्या पुढे गेलेल्या असतात, त्यामुळे स्पूल ढकलणाऱ्या कॉइलचा सुरुवातीचा बराच करंट नुसताच जातो. रॉडच्या टोकाला डायल गेज लावून करंट अगदी सावकाश वाढवला. काटा ढिम्म, ढिम्म, मग बारीक थरथरला आणि सरकायला लागला. तो करंट दोन्ही कॉइलसाठी वेगवेगळा टिपला. कंट्रोलरनं हालचाल मागितली की आउटपुट थेट तिथून सुरू होतं. पीडब्ल्यूएम (करंट झपाझप चालू-बंद करून देणं) १५० हर्ट्झच्या आसपास ठेवलाय. त्या थरथरीनं स्पूल चिकटून बसत नाही.

इंटिग्रलबद्दल, म्हणजे कंट्रोलरमधल्या चूक साठवत जाऊन आउटपुट वाढवणाऱ्या भागाबद्दल, माझं मत ठाम आहे: इथे तो शेवटी, आणि चिमूटभरच घालावा. व्हॉल्व्ह वेग देतो आणि सिलिंडर त्या वेगाची बेरीज करून जागा देतो, म्हणजे एक इंटिग्रेटर यंत्रातच आहे. त्यात डेडबँड आणि सीलचं घर्षण असताना इंटिग्रल वाढवला की हात ठरलेल्या जागेभोवती मागेपुढे झुलत राहतो. प्रपोर्शनल (चुकीच्या प्रमाणातलं आउटपुट) आणि वेगाचा फीडफॉरवर्ड (हव्या वेगावरून आधीच दिलेलं आउटपुट), एवढ्यावर माझं काम भागतंय.

कॉइलला व्होल्टेज नाही, करंट मोजून द्या. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली की त्याच व्होल्टेजवर करंट सहाव्या हिश्श्याने कमी होतो, आणि टिपून ठेवलेला डेडबँड निरुपयोगी ठरतो.

तेलाचंही तसंच. ४६ ग्रेडचं तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतं. बेळगावच्या थंडीत सकाळी १५ अंशांना ते तिपटीहून घट्ट होतं. शेजारच्या शेडमधले मेस्त्री आल्या आल्या म्हणाले, "अगोदर तेल गरम होऊ दे की रे, मग काय ते ट्यून कर." टाकीत थर्मामीटर बसवलाय, आणि ४० अंश दिसल्याशिवाय कुठलाही आकडा वहीत जात नाही.

दाब सध्या ४० बारवरच आहे. तेवढ्यातही हा सिलिंडर अर्धा टन रेटतो. होज झिरपतोय असं वाटलं तर बोट लावू नका, पुठ्ठा फिरवून बघा. बारीक धार कातडीतून आत शिरते.

खांद्याला व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बसवणार आहे. लांब रबरी होज दाबाखाली फुगतो आणि हात स्प्रिंगसारखा डुलतो. तिथे वजन लोंबणार, म्हणून पायलट चेक व्हॉल्व्हही (दाबाचा इशारा मिळेपर्यंत तेल अडवून धरणारा) लागेल. पण वजन खाली येताना तो उघडझाप करून धक्के देतो. त्याऐवजी काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (वजन उतरताना तेल रोखत रोखत सोडणारा) घ्यावा का, हे कुणी दोन्ही वापरले असतील तर सांगा.