चिकटणारं आणि न चिकटणारं

गणपती झाले की रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाण्यात एक अडचण असते, ती म्हणजे ट्रॅकपँट. शालिनी पॅलेसच्या बाजूला कुंपणाजवळ गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यातनं शॉर्टकट मारला की घरी येईपर्यंत गुडघ्याखाली हिरवी कणसं लटकलेली. मग आई दारातच, "काय रं, कुठल्या रानातनं आलायस?"

पण गंमत अशी की तिथंच शेजारी अगदी तसंच दिसणारं दुसरं गवत असतं, कोल्ह्याच्या शेपटीसारखा सोनेरी तुरा, उन्हात लई भारी दिसतं, आणि ते काही म्हणजे काही चिकटत नाही! मला वाटायचं एकच गवत आहे, एक कच्चं एक पिकलेलं. मग बघितलं, तर दोन्ही एकाच सेटारिया घराण्यातली सख्खी चुलत भावंडं. चिकटणारं व्हर्टिसिलाटा, सोनेरी ते पुमिला.

दोन्हीच्या तुऱ्यात राठ केस असतात, ते म्हणजे दाणे न धरलेल्या बारीक फांद्याच. सोनेरीत एका दाण्याखाली असे चार ते बारा केस, चिकटणाऱ्यात बहुतेक एकच, पण त्या एकानंच आमचं वाटोळं केलंय. कारण केसावर बारीक दातरे असतात, सोनेरीत ते शेंड्याकडं तोंड करून, याच्यात उलटे, देठाकडं. मोबाईल पार झूम करूनपण मला नीट दिसले नाहीत, बोटाला मात्र लगेच कळतं. तुऱ्यावरनं खालून वर बोट फिरवा, सोनेरी गुळगुळीत जातं, दुसरं कचकन अडकतं. वरून खाली फिरवलं की बरोबर उलटं. वारा आला की याचे तुरे एकमेकांतच गुंततात, मग सोडवत बसायला कोण आहे?

दाणा गळला तरी केस झाडावरच राहतो, म्हणून हे बेणं सुटा दाणा देत नाही, सरळ अख्खं कणीस नाहीतर त्याचा तुकडा पँटीवर पाठवतं. म्हणजे रोज सकाळी बी पेरायचं काम मी करतोय, तेपण फुकटात.

हे सगळं आईला सांगितलं, आणि भोगीला आपण ज्याचा भात करतो तो राळापण ह्याच घराण्यातला हेही. ती पँटीवरचं एकेक कणीस उपटत होती, मान वर न करता म्हणाली, "मग तो तरी घेऊन यायचा होतास की, भात झाला असता."