टाकीतला केंड आणि तिसऱ्या

रत्नागिरीत आज दिवसभर पाऊस, मच्छी बाजारात तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले, मात्र मिळाले. रीफ टाकीत (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) व्हॅलेंटिनी पफर, म्हणजे आपल्या केंड या फुगणाऱ्या माशाचाच छोटा भाऊबंद, पाळणाऱ्यांनी हे खाद्य चुकवू नये. त्याचे चार दात मिळून चोच होते नि ती आयुष्यभर वाढत राहते. नुसतं मऊ मांस दिलं की चोच इतकी वाढते की तोंड मिटत नाही, मासा उपाशी मरतो. तिसऱ्या धुवायच्या, फ्रीझरमध्ये ठेवायच्या, मग अर्धी शिंपली मांसासकट टाकायची. आधी एक डोळा फिरवून न्याहाळतो, मग कट्कन कडा तोडतो! उरलेलं तासाभरात काढा, नाहीतर अमोनिया वाढतो.

मासा जेमतेम १० सेंमी, तरी २०० लिटरची टाकी हवीच. गोगलगायी, शंखातले खेकडे तो फोडतोच. कोरलही कुरतडू शकतो.

जाळीने पाण्याबाहेर काढू नका, हवा गिळून फुगला तर ती सहज निघत नाही. पाण्यातच डब्यात घ्या.

आणि पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नकोच. खाड्यांच्या पुराने खारटपणा उतरतो, गाळ येतो. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ (जेवणातलं नव्हे) मिसळून सापेक्ष घनता १.०२५ ठेवा. लाईट जाते, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ हवाच.