पहिल्या मेणबत्तीचा हिशेब

आगमनकाळ म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ. त्यात हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक वाढवत लावलेल्या चार मेणबत्त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी कधीच सारख्या उंचीच्या नसतात. पहिली चारही आठवडे जळलेली, चौथी अजून तोऱ्यात. म्हणून पहिलीचा हिशेब आधीच मांडावा लागतो. आगमनकाळ वर्षागणिक 22 ते 28 दिवसांचा. 25 सेंटीमीटरची सडपातळ मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटीमीटर उतरते. रोज अर्धा तास लावली तर विसाव्या दिवशी संपली. वीस मिनिटं लावली तर पुरते कशीबशी, पण शेवटी ज्योत सुकलेल्या पानांना टेकते, आणि चक्रं पेट घेतात ती याच दिवसांत. पंधरा मिनिटं लावली तर 28 दिवसांनंतरही साडेसात सेंटीमीटर हाताशी राहते. वात सहा मिलिमीटरहून लांब ठेवू नये, काजळी धरते. आणि वाऱ्याच्या झोतात ठेवली तर मेण एकाच अंगाने ओघळतं, मग सगळा हिशेब कोलमडतो.

हे चक्र आता आई-बाप-मुलं असं चौकटीतलं घर डोळ्यांपुढे आणतं. पण ते पहिल्यांदा लागलं ते अशा घरात नाही. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या पाळकाने, आपण सांभाळत असलेल्या निराधार मुलांसाठी, गाडीच्या जुन्या चाकावर 20 लहान आणि चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. नाताळला किती दिवस उरले, हे त्या मुलांना मोजता यावं म्हणून.

खुद्द नाताळच्या कथेत तरी चौकटीतली माणसं किती आहेत? मेंढपाळ रात्रपाळीवर. मरीया अजून वाग्दत्ता. मंदिरात बाळाची वाट पाहणारी म्हातारी हन्ना सात वर्षांच्या संसारानंतर विधवा झालेली. शुभवर्तमान लिहिणारा लूक तिच्याबाबत 84 चा आकडा देतो, तो वयाचा की वैधव्याच्या वर्षांचा हे नक्की सांगता येत नाही. ज्याचा जन्म साजरा करायचा तो स्वतः अविवाहित राहिला, आणि आई व भाऊ बाहेर उभे आहेत म्हटल्यावर समोर बसलेल्यांकडे पाहून हेच माझी आई नि भाऊ, असं म्हणाला. लग्न करावं की नाही याबद्दल प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की ज्याला त्याला आपापलं कृपादान आहे, एकाला असं तर दुसऱ्याला तसं. (हे वचन अविवाहितांना ऐकवण्याचा उत्साह विवाहितांनाच फार. ज्याला ते दान नकोच होतं, त्याला डिसेंबरात तरी ते ऐकवू नये.)

एकट्या माणसाला घरी बोलवायचं तर 'या ना कधीही' म्हणून भागत नाही. 'कधीही' म्हणजे कधीच नाही, हे एकटं राहणाऱ्याला पाठ असतं. वार सांगावा, वेळ सांगावी, आणखी कोण येणार तेही सांगावं. परतीची सोय रात्री उशिरा काढायचा विषय नव्हे. निरोप आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारच्या आत गेला पाहिजे. 24 तारखेला आलेलं आमंत्रण म्हणजे कोणीतरी गळलेल्याची जागा भरणं, आणि ते ओळखू येतं. पोचल्यावर हातात काम द्यावं: शास्त्रपाठ वाचणं, मेणबत्ती लावणं, भाजी चिरणं. सोफ्यावर बसवून ठेवलेला माणूस पाहुणाच राहतो. लहान मुलांच्या पंगतीत त्याची वर्णी लावू नये, आणि 'यंदा तरी बार उडवा' हा विषय त्या ताटावर वाढू नये.

पंचवीस तारखेला घर भरलेलंच असेल तर पुढचे दिवसही नाताळचेच आहेत. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या पंचांगात नाताळ 5 जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो. एकट्याच्या घरात सगळ्यात जड जातो तो 26 नंतरचा शुकशुकाट, कारण उपासना संपलेल्या असतात आणि ओळखीचे सगळे आपापल्या गोतावळ्यात. तेव्हा 27 किंवा 28 ला बोलवावं. चक्राची पानं एव्हाना टाकून द्यायच्या लायकीची झालेली असतात, ती काढून टाकावीत आणि पहिल्या मेणबत्तीचा बुंधा बशीत उभा करावा. साडेसात सेंटीमीटर म्हणजे तीन तास. जेवण आणि नंतरच्या गप्पा होईपर्यंत पुरतो, फक्त आधीचे चार आठवडे पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच धरली असतील तर.