मैल १८१ : चौथा तुकडा

मुक्काम ओरिएंटल, नॉर्थ कॅरोलिना. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे कालवे, नद्या आणि खाड्या जोडून केलेल्या जलमार्गाने, आम्ही बोटीतून फ्लोरिडाकडे निघालोय. व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या शून्य मैलापासून १८१ मैल झाले, दिवस लागले १९. (हे मैल जमिनीवरचे, सागरी नव्हेत. पहिल्या वर्षी ही गल्लत करून आम्ही पूल उघडायच्या वेळा चुकवल्या होत्या.) यातले निव्वळ शिडावर किती तास? सात. आल्बेमार्ल साउंडमध्ये (रुंद खाडीत) तीन, न्यूस नदीत चार. बाकी सगळं २१ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाच्या जिवावर. ‘शिडाची बोट, वारा फुकट’ म्हणणाऱ्याला एकदा या कालव्यात आणून सोडायला हवं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. बोट १९८४ची कॅटलिना ३०, तीस फुटी शिडाची, साडेनऊ हजार डॉलरला घेतली आणि साधारण तेवढेच पुन्हा तिच्या पोटात घातले. राहणारे आम्ही दोघं, यंदा दुसरा हिवाळा. उत्पन्न सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचं. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मूळचंच ठेवलंय, खासगी कंपन्यांचं ॲडव्हान्टेज नाही. आपलं घर राज्यं बदलत फिरतं, ॲडव्हान्टेजच्या ठरलेल्या डॉक्टरांचं जाळं फिरत नाही.

आता या वाटेवरचा डिस्मल स्वॉम्प. १८०५ साली खुला झालेला, २२ मैलांचा कालवा. दोन्ही टोकांना लॉक, म्हणजे दारं असलेला पाण्याचा हौद. बोट आत घेऊन पाणी भरतात आणि तिला आठेक फूट वर चढवतात, दुसरीकडे पाणी सोडून तेवढंच उतरवतात. पैसे शून्य. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कडेच्या झाडापाल्याचा अर्क उतरलेलं. उत्तर टोकाच्या डीप क्रीक लॉकवर पूर्वी एक लॉकटेंडर (लॉक चालवणारे) शंख वाजवायचे, त्यासाठी ते सगळ्या बोटवाल्यांत प्रसिद्ध. व्हर्जिनियात शंखनाद! आम्हाला उशीर झाला, ते निवृत्त झाले होते.

लॉक दिवसातून चारदा उघडतं: साडेआठ, अकरा, दीड, साडेतीन. साडेआठला आत शिरून दुसऱ्या टोकाचं, साउथ मिल्सचं दीडचं लॉक गाठायचं, हा माझा हिशोब. पाच नॉटने जेमतेम जमणारा. कालव्यावर डकवीड या पाणवनस्पतीचा थर होता, साबुदाण्याएवढी हिरवी पानं, गालिचा अंथरल्यासारखी. मैल २८ला व्हिजिटर सेंटरचा धक्का लागतो. “थांबू या, गाळणी साफ कर,” ही म्हणाली. (इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, ते या गाळणीतून.) मी म्हटलं, दीडचं लॉक जाईल. वीस मिनिटांचं काम होतं.

मैल ३०च्या पुढे इंजिनाच्या तापमानाचा काटा १६० फॅरनहाइटवरून २००कडे निघाला आणि भोंगा वाजला. इंजिन बंद. वारा नाही, दोन्ही बाजूंना झाडं, डोलकाठीचं टोक फांद्यांत. उरलेल्या वेगावर कडेला सरकत एका सायप्रसच्या बुंध्याला दोर बांधला. गाळणी उघडली तर आत पालकाची पातळ भाजी. पाणी न मिळाल्याने पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कोरडा फिरला होता आणि सहापैकी चार पाती मुळापासून गेली होती.

इंपेलर बदलणं सोपं, सुटा भाग बोटीवर असतोच. तुटलेली पाती शोधणं हे खरं काम. ती पाण्याबरोबर पुढे जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता या पाण्यात काढून टाकणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकतात. तशीच सोडली तर इंजिन पुन्हा तापणार. एक पातं नळीच्या वळणात सापडलं, दोन एक्स्चेंजरच्या तोंडाशी. चौथं नाहीच. आरसा, टॉर्च, वाकवलेली तार, हिच्या केसातली पिन, सगळं वापरून झालं. यात तीन तास गेले. दीडचं लॉक गेलंच, साडेतीनचंही गेलं. रात्री लॉकच्या अलीकडे बांधून पिठलं-भात. ही काही बोलली नाही, पिठल्यात मिरच्या मात्र जास्त होत्या.

त्यानंतर वेळापत्रक फेकून दिलं. एलिझाबेथ सिटीत धक्का ४८ तास फुकट (येणाऱ्या बोटींना गुलाब द्यायची प्रथा या गावाने १९८३मध्ये सुरू केली), मग नदीपलीकडे नांगर टाकून आणखी तीन दिवस. आल्बेमार्ल उथळ आहे, वारा वाढला की आखूड, उभ्या लाटा येतात. दक्षिणेचा वारा म्हणजे नेमका नाकावर. वायव्येकडून आला तेव्हा निघालो आणि बाहेर पडल्यावर इंजिन बंद करून शिडं लावली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तळाशी पाण्याचा आवाज ऐकू आला.

हिशोब: डिझेल १९ गॅलन, ८२ डॉलर. मरीना (बोट बांधायचा भाड्याचा धक्का) एकच रात्र, ६८. त्यात धुणं, पाणी, पंपआउट (शौचाची टाकी रिकामी करणं) आणि दोघांच्या मनसोक्त गरम आंघोळी उरकल्या. महिन्याला दोनच मरीना रात्री, हा आमचा नियम. वाणसामान २६०. फ्रिज बंदच ठेवतो, सोलरचे दोनशे वॉट दिवे आणि फोनला पुरतात. मटकीला ओल्या फडक्यात मोड येतात, त्याला वीज लागत नाही. कुकर दोरीने स्टोव्हला बांधलेला असतो. त्याची तिसरी शिट्टी झाली की शेजारच्या नांगरावरची माणसं डोकी बाहेर काढून बघतात.

विमा कंपनीची अट, १ नोव्हेंबरआधी फ्लोरिडाच्या हद्दीत जायचं नाही. म्हणजे घाई करूनही फायदा नव्हताच. ही अट पॉलिसीच्या दुसऱ्याच पानावर आहे, मी नंतर वाचली.

उद्या बोफर्टकडे, मैल २०४. गाळणी आता दर दोन तासांनी उघडतो. काटा १६०वर स्थिर आहे. चौथा तुकडा अजून आतच कुठेतरी आहे.