पुईव्हेरला त्रुबादूर ऐकायला जाताय? मुक्काम सोमवारपर्यंत ठेवा

पुईव्हेर हे दक्षिण फ्रान्समधलं किल्ल्याचं छोटं गाव. तिथे त्रुबादूरांच्या, म्हणजे मध्ययुगीन कवी-गायकांच्या नावाने शनिवार-रविवार उत्सव होतो, तो मी पाहून आले. आधी निकाल सांगते, कारणं नंतर. शनिवारी रात्री किल्ल्यावर होणारा कार्यक्रम नाही पाहिलात तरी चालेल. रविवारी संध्याकाळी गावातल्या चर्चमध्ये होणारी मैफल मात्र काहीही झालं तरी चुकवू नका. आणि स्वतःची किंवा भाड्याची गाडी नसेल तर या वीकेंडच्या वाटेला जाऊ नका. गाडीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून तोच आधी घेते.

उत्सवाच्या पत्रकावर 'जवळचं रेल्वे स्टेशन: कियाँ' असं ठळक छापलं होतं. कियाँला स्टेशन आहे, पण तिथे प्रवासी गाडी येत नाही. कार्कासोनहून निघणारी गाडी लिमूपर्यंत जाते. लिमूच्या पुढची रेल्वे सेवा २०१८च्या सुरुवातीपासून बंद आहे आणि त्या टप्प्यावर बस चालते. शनिवारी निदान बस मिळते, रविवारच्या फेऱ्या अगदीच तुरळक. इतकी वर्षं बंद असलेली गाडी पत्रकात छापणाऱ्याला एकदा वेळापत्रक उघडून बघता आलं असतं. मी तुलूजहून सकाळी निघाले होते आणि कियाँला उतरले तेव्हा दुपार कलली होती.

खरी रड इथून पुढे आहे. कियाँ ते पुईव्हेर हे अंतर सोळा-सतरा किलोमीटर आहे, आणि मध्ये ६०१ मीटर उंचीची पोर्तेलची खिंड लागते. कियाँमधून बाहेर पडलं की वळणावळणाचा घाट सुरू होतो. सायकल आणि घाटाची सवय असेल तर चढ अवघड नाही, आपल्याकडचे घाट यापेक्षा कितीतरी दमवतात. पण पाठीवर सॅक टाकून चालत जाण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या. वळणांवर रस्त्याच्या कडेला पाय ठेवायला जागा नाही आणि लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक अंगावर येतात.

म्हणून टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने मीटर टाकला नाही आणि पोहोचल्यावर ९० युरो मागितले. सतरा किलोमीटरला ९० युरो! हा दर कुठल्याही हिशेबात बसत नाही. फ्रान्समध्ये टॅक्सीला मीटर सक्तीचा आहे. २५ युरो किंवा त्याहून जास्त भाडं झालं तर छापील पावती न मागता द्यावी लागते. गाडी रिकामी परतणार असेल तर किलोमीटरचा दर वाढतो, रात्री आणि रविवारी आणखी वाढतो, हे खरं आहे. पण ती वाढही मीटरवरच दिसते. तेव्हा दार लावायच्या आधी मीटरकडे बोट दाखवा आणि पावती लागेल हे सुरुवातीलाच सांगून टाका. फ्रेंच येत नसेल तर 'कोंत्यर' (मीटर) हा एक शब्द पुरतो. मी पावतीचा आग्रह धरला तेव्हा आकडा ६५ वर आला. तोही जास्तच होता.

गाडीने येणार असाल तर यातलं काहीच नाही. तुलूजहून मिरप्वा आणि शालाब्रमार्गे दोन तासांच्या आत पोहोचता. तीन-चार जण मिळून भाड्याची गाडी घेतली तर टॅक्सीच्या पैशात सगळं भागतं. तुलूजच्या विमान कारखान्यांत आणि विद्यापीठात आपली इतकी मंडळी आहेत, सोबत मिळणं अवघड नाही.

आता शनिवार. गावात मध्ययुगीन बाजार भरतो. मसाल्याची गोड वाईन, चामड्याचे पट्टे, लाकडी तलवारी. पेल्यासाठी दोन युरो अनामत घेतात, ती परत मागायला विसरू नका. मी गेले तिथला दुकानदार 'सुटे नाहीत' म्हणून टाळायला बघत होता. शाकाहारी माणसाला क्रेप (पातळ धिरडी) आणि चीज यांच्यापलीकडे फारसं मिळत नाही. कार्ड सगळीकडे चालत नाही, रोख कियाँलाच काढून ठेवा.

रात्री किल्ल्यावर कार्यक्रम. रोषणाई, मशाली, मोठाले ढोल, स्पीकरवरून कान बसतील एवढा बॅगपाइप. लोक नाचत होते, खुशीत होते. पण त्यात त्रुबादूरांचं गाणं जवळजवळ नव्हतं. सगळे नाचाचे तुकडे, त्यातले बरेच पुढच्या शतकांतले, आणि मधूनमधून एखादं कडवं. त्रुबादूर म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातले दक्षिण फ्रान्सचे कवी. ऑक्सितान भाषेत लिहिणारे आणि स्वतः चाल बांधणारे. ज्याच्या रचना आज हातात आहेत असा पहिला त्रुबादूर गियोम हा आक्विटेनचा ड्यूक होता, तो ११२६ साली वारला. इतक्या बारकाईने शब्द घडवणाऱ्या माणसांचं गाणं ढोलाखाली दाबून टाकायचं, याचा मला मनापासून राग आला.

राग येण्याचं दुसरं कारण ती खोली. पत्रकावर बुरुजातल्या वादकांच्या खोलीचा फोटो होता आणि खाली 'जिथे त्रुबादूर गायले' अशी ओळ. खोली अप्रतिम आहे. चॅपेलच्या (छोट्या प्रार्थनाघराच्या) वरच्या मजल्यावर कमानींच्या बुडाशी आठ वादक कोरलेले आहेत. एकाच्या काखेत बॅगपाइपची पिशवी, एकाच्या मांडीवर छोटा ऑर्गन, कुणाकडे ल्यूट, कुणाकडे रबाबाच्या कुळातलं रेबेक. पण हा बुरुज चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा, उत्तरेकडून आलेल्या द ब्र्युइएर घराण्याने बांधलेला. कॅथार या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात सेनापती सिमों द माँफोरने १२१० साली तीन दिवसांच्या वेढ्यात जुना किल्ला घेतला, आणि त्याबरोबर त्रुबादूरांना आसरा देणारे इथले सरदारही गेले. म्हणजे हे दगडी वादक कोरले गेले तेव्हा त्रुबादूरांचा काळ सरला होता. पुईव्हेरचा त्रुबादूरांशी खरा धागा वेगळाच आहे. पेइरे दाल्वेर्न्ये या कवीने आपल्या वेळच्या डझनभर त्रुबादूरांची नावं घेऊन टर उडवली आणि शेवटी स्वतःलाही सोडलं नाही. ही कविता पुईव्हेरला बॅगपाइपच्या साथीत, हसतखेळत रचली, असं तिच्या शेवटच्या ओळींत तो स्वतःच सांगतो. इतकी सुंदर गोष्ट हाताशी असताना खोटी ओळ छापायची गरज काय होती?

किल्ला बघायचाच तर दिवसा बघा. खोलीत उजेड कमी आणि शिल्पं उंचावर, छोटी दुर्बीण असेल तर घ्या. रात्री कार्यक्रम संपल्यावर गावापर्यंतचा उतार अंधारात चालावा लागतो आणि पुढे हमरस्त्याची कड धरावी लागते. डोक्याला लावायचा टॉर्च आणि जॅकेट ऐन उन्हाळ्यातही ठेवा, त्या टेकडीवर वारा थांबत नाही.

रविवारी सकाळी तळ्याकाठी फिरले, छान वाटलं. मग गावातलं, इथल्या केर्कोर्ब भागाचं छोटं संग्रहालय पाहिलं. किल्ल्यातल्या शिल्पांवरून कारागिरांनी ती आठही वाद्यं पुन्हा घडवली आहेत आणि ती इथे ऐकता येतात. किल्ल्याआधी इथे या. मग वर गेल्यावर कोणत्या वादकाच्या हातात काय आहे ते विचारावं लागत नाही.

आणि संध्याकाळची मैफल. एक गायिका, एक व्हिएल वाजवणारा, माइक नाही. व्हिएल हे गजाने वाजवायचं वाद्य. त्याने खालच्या तारेवर एक सूर लांबवर धरून ठेवला आणि तानपुऱ्याची सवय असलेला माझा कान क्षणात तिथे स्थिरावला. गायिकेने सुरू करण्याआधी समजावून सांगितलं ते माझ्या फार उपयोगी पडलं. त्रुबादूरांच्या सुमारे अडीच हजार कविता उरल्या आहेत, चाली मात्र जेमतेम अडीचशेच्या. आणि हस्तलिखितांत सूर लिहिलेले असतात, पण कुठला सूर किती लांबवायचा ते लिहिलेलं नसतं. लय गाणाऱ्याने ठरवायची. मग तिने बेर्नात द वेन्तादूरच्या चंडोलाच्या गाण्याचं पहिलं कडवं दोनदा म्हटलं. आधी ठेक्यात बांधून, मग बोलण्याच्या ओघाने, मोकळं. दुसऱ्या वेळी चंडोल उन्हात पंख हलवतो आणि आनंदाने स्वतःला विसरून खाली झेपावतो, त्या ओळीवर तिने एकच स्वर असा काही रेंगाळत ठेवला की माझ्या शेजारच्या आजींनी डोळे पुसले.

त्यानंतर दियाच्या कौंटेसचं गाणं. त्रुबादूर परंपरेत गाणी रचणाऱ्या बाया होत्या, पण चालीसकट टिकलेलं बाईचं गाणं हे एकच. प्रियकराने अपमान केला आहे, आणि आपण कुळाने, बुद्धीने, रूपाने कुठे कमी होतो, असं ती त्याला सरळ विचारते. पाच कडव्यांत आवाज कुठेही चढत नाही. शेवट नार्बोनच्या गिराउत रिकिएरच्या गाण्याने झाला. शेवटचा त्रुबादूर म्हणून त्याचं नाव घेतात. हे गाणं १२९२चं, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर अवघ्या दोन वर्षांचं. आपण फार उशिरा आलो, दरबारात आता या कलेला कुणी विचारत नाही, असं तो म्हणतो. आपल्याकडे एक भाषा उभी राहत होती आणि तिकडे एका भाषेचा दरबार मोडत होता. हे माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. एवढ्या एका संध्याकाळसाठी मी तो घाट पुन्हा चढेन.

मैफलीला तिकीट नाही, दाराशी टोपली असते. चहाचे पैसे टाकतात तसं नाणं टाकू नका, गाणाऱ्यांचं पोट त्यावर आहे. पहिल्या चार रांगांतच बसा, मागे शब्द दगडात विरतात. शब्दांच्या फ्रेंच भाषांतराचा कागद दाराशीच संपतो, अर्धा तास आधी पोहोचा. मैफल संपते तेव्हा तुलूज गाठून देईल असं काहीही चालू नसतं. खोली किंवा तळ्याकाठचा तंबू सोमवार सकाळपर्यंत घ्या, आणि परतीची सोय चर्चमध्येच शेजारच्यांना विचारून करून टाका. मला त्या आजींच्या मुलाने लिमूपर्यंत सोडलं आणि पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.