व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला, आता कुठला टाकायचा?

भाच्याच्या बँडमधल्या एका पोराचा गिटार अॅम्प्लिफायर सध्या माझ्या टेबलावर पडलाय. दोन ईएल३४ (आउटपुटचे मोठे व्हॉल्व्ह) वाला, साधारण पन्नास वॅटचा, अमेरिकेतून येताना काकाने आणलेला. इथं आल्यावर कुणीतरी ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची बाजू, २३० व्होल्टला जोडून दिली (वेगवेगळ्या व्होल्टेजचे टॅप होते म्हणून बरं), पण मागच्या पट्टीवर छापलेलं '२ अँपियर स्लो ब्लो' (सावकाश उडणारा फ्यूज) तसंच राहिलं, आणि फ्यूज उडाल्यावर पोराने ते वाचून अगदी प्रामाणिकपणे दोन अँपियरचाच टाकला. आता त्याला काय बोलणार! सगळीकडे हेच सांगतात ना, की छापलंय तेच टाका. पण ते छापलेलं १२० व्होल्टचं आहे. पॉवर तेवढीच, व्होल्टेज जवळपास दुप्पट, म्हणजे करंट निम्मा, म्हणून इथं एक अँपियर हवा. हाच अॅम्प्लिफायर तो स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लावून वाजवत असता तर मात्र दोन अँपियरच बरोबर होता, कारण अॅम्प्लिफायरला तेव्हा १२० व्होल्टच मिळतात.

पट्टी पुसली गेली असेल किंवा कुणी घरीच बांधलेला सेट असेल तर थोडं गणित करायचं, अवघड काही नाही. ईएल३४ चा हीटर ६.३ व्होल्टला दीड अँपियर खातो, दोनाचे तीन झाले, पुढचे तीन छोटे व्हॉल्व्ह, १२एएक्स७, प्रत्येकी ०.३, एकूण ३.९ अँपियर, म्हणजे हीटरचेच २५ वॅट. एचटी (हाय टेन्शन, व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणारं मोठं डीसी व्होल्टेज) ४५० व्होल्ट धरा आणि पूर्ण आवाजात अडीचशे मिलिअँपियर, ते झाले ११० च्या वर. ट्रान्सफॉर्मरची गरमी वगैरे धरून १६० वॅटपर्यंत जातं, भागिले २३०, आलं ०.७ अँपियर. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि कपॅसिटर करंट सरळ न घेता झटक्या-झटक्याने ओढतात त्यामुळे खरा आकडा याच्याहून थोडा वरच असतो. त्याच्या वरचा बाजारात मिळणारा फ्यूज म्हणजे एक अँपियर. ईएल८४ ची जोडी असलेल्या छोट्या सेटला अर्धा अँपियर सहसा पुरतो.

आता फास्ट की स्लो? व्हॉल्व्ह सेटच्या मेन्सला स्लोच. थंड हीटरचा रेझिस्टन्स गरम हीटरच्या कितीतरी कमी असतो, त्यात रिकामे फिल्टर कपॅसिटर, त्यात ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा सुरुवातीचा धक्का, त्यामुळे स्विच टाकल्या टाकल्या क्षणभर करंट उसळी मारतो. एक अँपियरचा फास्ट फ्यूज तिथंच उडतो. मग माणूस काय करतो, दोनचा फास्ट टाकतो, तो टिकतो, माणूस खूश, आणि पुढे खरोखर बिघाड होतो तेव्हा दोनचा फ्यूज आरामात बघत बसतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. फ्यूज दहा-वीस रुपयांचा आणि ट्रान्सफॉर्मर नवीन गुंडाळून घ्यायचा तर हजारांत, वर सेट महिनाभर उघडा.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जाऊन नुसतं 'एक अँपियरचा फ्यूज द्या' म्हटलं तर डब्यात हात घालून जो हाताला लागेल तो मिळतो, बहुतेक फास्टच. त्यामुळे टोपणावरचं वाचून घ्या. अक्षरं इतकी बारीक असतात की मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचतो. टी१ए एल २५०व्ही असं काहीतरी असतं: टी म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट, मग अँपियर, मग एल किंवा एच, मग व्होल्ट. एल सहसा काचेचा, शॉर्ट झाल्यावर फार मोठा करंट तोडायची त्याची ताकद कमी (छोट्या फ्यूजना ३५ अँपियर), एच बहुतेक सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला, तो १५०० अँपियर तोडतो. कंपनीने एच दिला असेल तर त्या जागी काचेचा टाकू नका, उलट चालतं. काचेचा असेल तर उजेडात धरून आत बघा, फास्टमध्ये एकच बारीक सरळ तार दिसते, स्लोमध्ये बऱ्याचदा दोऱ्यासारख्या गाभ्यावर वेटोळी घातलेली किंवा मध्ये कथलाचा छोटा मणी.

साइजचे दोन प्रकार, २० मिलिमीटरचा आणि अमेरिकन सेटमधला ३२ मिलिमीटरचा. मोठ्यात एक धोका आहे, जुन्या गाड्यांतले काचेचे फ्यूज अगदी तसेच दिसतात, होल्डरमध्ये बसतातही, पण ते ३२ व्होल्टचे असतात. तार वितळली तरी आत ठिणगी चालूच राहू शकते. ते घरात असले तर वेगळ्या डबीत ठेवा.

आणखी एक भानगड म्हणजे अमेरिकन एक अँपियर आणि युरोपियन एक अँपियर सारखे वागत नाहीत. युरोपियन आयईसी पद्धतीचा फ्यूज दीडपट करंट निदान तासभर सोसायलाच हवा असा नियम आहे, अमेरिकन यूएलचा १३५ टक्क्यांवर तासाभराच्या आत उडायला हवा. म्हणून जुन्या अमेरिकन सेटमध्ये आयईसीचा टाकताना आकडा वर चढवायचा प्रश्नच येत नाही, मधोमध अडकलात तर खालचा घ्या.

एचटी फ्यूज. याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात आणि मला विचाराल तर मेन्सच्या फ्यूजपेक्षा हाच महत्त्वाचा. समजा एका ईएल३४ चा बायस (व्हॉल्व्हचा करंट आवरून धरणारं व्होल्टेज) गेला आणि तो तीनशे मिलिअँपियर जास्त ओढायला लागला, प्लेट लालभडक. ४५० व्होल्टने गुणलं तर १३५ वॅट, म्हणजे मेन्सला फक्त ०.६ अँपियर जास्त. शांत बसलेला सेट पाऊण अँपियरच्या आतच असतो, सगळं मिळून दीडच्याही आत, आणि एक अँपियरचा स्लो फ्यूज ते तासभर सोसतो! तोपर्यंत आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वाट. घरातल्या एमसीबीवर विसंबू नका, सहा किंवा सोळा अँपियरचा एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला आहे. म्हणून एचटीला वेगळा फ्यूज, दोन ईएल३४ ला पाचशे मिलिअँपियर स्लो. तो ट्रान्सफॉर्मरच्या एचटी सेकंडरीच्या सेंटर टॅपला, म्हणजे वाइंडिंगच्या मधल्या वायरला लावा, रेक्टिफायर आणि पहिल्या कपॅसिटरच्या पुढे नको, कारण तिथं सपाट डीसी आहे आणि डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, २५० व्होल्ट एसीचा फ्यूज तिथं भरवशाचा नाही.

सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून सेट चालू करणाऱ्यांना आणि घरातल्या किटकॅट फ्यूजची तार या फ्यूजवर सोल्डर करणाऱ्यांना मी हात जोडतो.

नवीन फ्यूज टाकायच्या आधी उडालेल्याची काच बघा. काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली असेल तर सरळ शॉर्ट आहे, नवीनही तसाच जाणार. तार मध्येच शांतपणे तुटली असेल तर बरेचदा म्हातारा झालेला फ्यूज किंवा ढिला होल्डर, स्प्रिंग सैल झाली की टोपण तापतं आणि फ्यूज विनाकारण जातो.

मग सिरीज बोर्ड. रेडिओ-टीव्हीवाल्यांकडे असतो तोच, सेटच्या लाइनमध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. आत हात घालायच्या आधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मीटरने बघून घ्या, बंद सेटमध्येही चारशे व्होल्ट बसलेले असतात. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून सेट लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, मग व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर तो, मग पुढचे छोटे, शेवटी आउटपुटचे एकेक करून घालायचे, ज्याच्यावर बल्ब भडकून तसाच राहिला तिथं शोधा. व्हॉल्व्ह नसतानाच बल्ब भडकला तर डायोड आणि पहिला फिल्टर कपॅसिटर तपासा. सेकंडरीच्या सगळ्या वायरी सोडवल्या तरी बल्ब लख्ख पेटून राहिला तर फ्यूज शोधत बसू नका, वाइंडिंगवाला गाठा.