आमची वाटचाल : चौदा नियमांची पाटी

आमच्या संगणक-टायपिंग क्लासच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक पाटी दिसते. तिच्यावर पाच नियम आहेत. पाटीभोवती भिंतीचा रंग जरा उजळ आहे, कारण आधी तिथे हिच्या दुप्पट मोठी पाटी होती आणि तिच्यावर चौदा नियम होते. मधल्या वीसेक वर्षांत जुने नियम कुठे गेले आणि हे पाच कुठून आले, ते सांगितलं की आमच्या धंद्याची बहुतेक कहाणी सांगून होते.

बार्शीत भगवंत मंदिरामागच्या गल्लीत माझ्या सासऱ्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सोळा मशीन, निम्मी रेमिंग्टन, निम्मी गोदरेज. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी सहाला खटखट सुरू व्हायची ती रात्री आठला थांबायची. मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, नियम तीनच. वेळेवर यायचं, बोटांकडे बघायचं नाही, आणि पानावर तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर नवीन कागद लावायचा. पाटी वगैरे नव्हती. ते स्वतःच पाटी होते. लाल पेन्सिलीने चुकांना गोल करून पान परत द्यायचे. एखादा पोरगा विचारायचा, "मामा, किती गुण पडतील?" तर म्हणायचे, "गुण परीक्षा परिषद देईल. मी फक्त चुका देतो."

२००३ साली पतसंस्थेचं कर्ज काढून आम्ही चार संगणक घेतले. सेलेरॉनचे, विंडोज ९८ वाले, आणि सोबत एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जो चालू झाला की शेजारच्या खोलीतल्या मशीनचाही आवाज झाकून टाकायचा. मामांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. फक्त म्हणाले, "ह्यात चूक खोडता येते म्हणतात. मग पोरं शिकणार कशाला?" तेव्हा मी हसले होते.

मी सोलापूरला ज्या ठिकाणी संगणक शिकले, तिथली नियमांची यादी वहीत उतरवलेली होती. तीच रंगाऱ्याकडून पाटीवर लिहून घेतली. चपला बाहेर काढा. शांतता पाळा. बाहेरची फ्लॉपी आणू नका. हजेरी ऐंशी टक्के हवी. गैरहजेरीबद्दल पालकांची चिठ्ठी आणा. असे चौदा. दर महिन्याला शंभर गुणांची चाचणी : दहा हजेरीचे, दहा शिस्तीचे, वीस वहीचे, उरलेले लेखी आणि प्रात्यक्षिकाचे. शिस्तीचे दहा गुण कसे द्यायचे हे मला कधीच कळलं नाही. गप्प बसणाऱ्याला नऊ आणि बडबड्याला सहा, एवढंच चालायचं.

पहिला नियम गेला तो चपलांचा. एका मुलीचे लग्नाच्या बस्त्यातले नवे कोरे सँडल दारातून चोरीला गेले आणि तिचे वडील संध्याकाळी सायकलवरून आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, संगणकाला धूळ चालत नाही म्हणता, मग आमच्या पोरीनं अनवाणी घरी यायचं व्हय?" दुसऱ्या दिवशी दारात पायपुसणं टाकलं आणि तो नियम खरवडून काढला. संगणकांना काही झालं नाही.

शांततेचा नियम लोडशेडिंगने नेला. ती वर्षं ज्यांनी गावात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसाचे कित्येक तास वीज नसायची आणि वेळापत्रक बदललं की आमच्या बॅचेसही बदलायच्या. पहाटे साडेपाचची बॅच भरायची, कारण तेव्हा वीज असायची. इन्व्हर्टर चार संगणकांना अर्धा तास पुरायचा. मग अंधारात बसून करायचं काय? मी जमाखर्च कागदावर घ्यायला लागले. मेणबत्तीच्या उजेडात पोरं मोठमोठ्याने वाद घालायची : भाडं दिलं तर नावे कोण, जमा कोण? उसनवारीने माल आणला तर रोकड हलली का? त्या बॅचला टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, दोन आठवड्यांत आलं. ज्या बॅचला भरपूर वीज मिळाली, त्यांना महिना लागला. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, पण आजच्या पाटीवरचा दुसरा नियम तिथून आला : आधी कागदावर, मग संगणकावर. वीज असली तरी.

मध्यंतरी सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली. एमएससीआयटी नाही तर वेतनवाढ नाही, अशी वेळ आली आणि आमच्याकडे गुरुजी लोकांची रीघ लागली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम तोवर तालुक्या-तालुक्यात पोहोचला होता, आमच्याकडेही केंद्र होतं. चोपन्न वर्षांचे एक गुरुजी पहिल्या दिवशी खडूचा डबा ठेवावा तसा चष्म्याचा डबा टेबलावर ठेवून बसले. अक्षर मोत्यासारखं. माउस हातात घेतला, सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला नेला आणि मला हाक मारली, "बाई, हा कडेला आला. आता पुढं कुठं जायचं?"

मागच्या बाकावरची पोरं हसली. आमच्याकडे शिकवायला असलेला मुलगा धावत आला, त्याने गुरुजींच्या हातातून माउस घेतला, दोन टिचक्या मारल्या आणि काम करून दिलं. पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. गुरुजी अडायचे, तो माउस घ्यायचा. पंधरा दिवसांनी गुरुजींना फाइल उघडता येत नव्हती, त्या मुलाला मात्र गुरुजींचा सगळा अभ्यासक्रम पाठ झाला होता. त्या दिवशी नियम झाला : दुसऱ्याचा माउस धरायचा नाही. हा मास्तरांसाठी होता, विद्यार्थ्यांसाठी नंतर लागू झाला. सांगायचं ते तोंडाने सांगायचं, फार तर पडद्यावर बोट दाखवायचं. आमच्याकडे नवीन शिकवणारा लागला की पहिला आठवडा त्याला हात पाठीमागे बांधून उभं राहायला लावते. खोटं वाटेल, पण सगळ्यात अवघड हाच नियम आहे. मीही मोडते.

गुरुजी उचलून माउस मध्ये ठेवायला शिकले, पासही झाले. निकालाच्या दिवशी पेढे आणले आणि म्हणाले, "बत्तीस वर्षं पोरांना नापास करत आलो. नापास व्हायची भीती काय असते ते औंदा कळलं."

आता गुणांबद्दल. हा भाग सांगायला मला अजून जड जातं.

२००५ च्या एप्रिलपासून व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा नवा कर, आला आणि टॅली शिकलेल्या पोरांना मागणी वाढली. मार्केट यार्डातल्या, शेतमाल दलालीने विकणाऱ्या आडत दुकानांपासून औषधांच्या होलसेलवाल्यांपर्यंत सगळ्यांना कोणीतरी संगणकावर बसणारा हवा होता. त्याच सुमारास गावात दुसरा एक क्लास निघाला, तो 'शंभर टक्के पास' म्हणायचा. आमची संख्या निम्म्यावर आली. पतसंस्थेचा हप्ता तर दर महिन्याला होताच. मग मीही हात सैल सोडला. चाळीस पडायचे तिथे साठ दिले. पालक खूश झाले, पोरंही.

असाच एक मुलगा अठ्ठ्याहत्तर गुणांचं आमचं प्रमाणपत्र घेऊन एका आडत्याकडे लागला. तिसऱ्या दिवशी आडत्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त लागलं. "बाई, पोरगं चांगलं आहे. पण शेतकऱ्याची पट्टी कशी करायची त्याला ठाऊक नाही. हमाली, तोलाई वजाच केली नाही, सगळी रक्कम देऊन मोकळा झाला. अठ्ठ्याहत्तर म्हणजे नक्की किती, हे मला सांगा." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशोब, त्यातून हमाली-तोलाई वजा करून बाकीची रक्कम त्याला द्यायची असते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाची नोकरी गेली. तो नंतर क्लासकडे फिरकला नाही. रस्त्यात दिसला की मीच दुसऱ्या बाजूला बघायचे.

त्यानंतर आम्ही चाचणी मोडून नवी केली. तिला पोरं 'पिशवी' म्हणतात. प्लास्टिकच्या पिशवीत साठ कागद असतात : बिलं, पावत्या, पट्ट्या, बँकेची स्लिप, चहाचा हिशोब मागे लिहिलेली एक चिठ्ठी. काही चुरगळलेले. एक बिल दोनदा घातलेलं असतं. एकावर तारीख मार्चची असते, म्हणजे ते मागच्या वर्षात जायला हवं. सोबत पासबुकाची झेरॉक्स. तीन तास वेळ. पुस्तकं, वह्या उघडायला परवानगी, शेजाऱ्याशी बोलायला नाही.

नव्या मुलांचा एक गैरसमज असतो. "मॅडम, ट्रायल बॅलन्स जुळला!" असं ओरडतात. ट्रायल बॅलन्स म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा. अरे, टॅलीत तो जुळतोच. नावे-जमा सारखं असल्याशिवाय टॅली व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, घेतच नाही. वीज बिल 'खरेदी'त टाकलंस तरी जुळेल. आपण बघायचं ते हे : बँकेची शिल्लक पासबुकाशी मिळते का, रोकड कुठल्या दिवशी उणे तर गेली नाही ना, आणि एखाद्या व्यापाऱ्याचं येणं त्याच्या खात्याच्या उताऱ्याइतकंच आहे का. गुण ह्यालाच आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्यानंतर पिशवीत कर्नाटकातल्या विजापूरच्या व्यापाऱ्याचं एक बिल वाढलं. पत्ता न वाचता जो राज्यातल्या मालाचा सीजीएसटी-एसजीएसटी लावतो त्याचे गुण जातात, कारण परराज्यातून आलेल्या मालावर आयजीएसटी. दर बॅचला निम्मे तरी तिथे पडतात. बार्शीतून विजापूर तसं लांब नाही, त्यामुळे ते परराज्य आहे हे लक्षातच येत नाही.

पिशवी पहिल्या झटक्यात थोड्यांनाच जमते. म्हणून पाचवा नियम : गुण वाढवून मिळणार नाहीत, परीक्षा कितीही वेळा परत देता येईल. परत देण्याची फी नाही. प्रमाणपत्रावर आम्ही कितव्या वेळेला जमलं ते लिहितो. ह्यावरून एका पालकाने माझ्याशी वाद घातला होता की मुलीच्या लग्नाच्या बायोडेटात 'तिसरा प्रयत्न' बरं दिसत नाही. मी बदललं नाही. आडत्यांना मात्र तो आकडा फार आवडतो. एकजण म्हणाला, "तिसऱ्यांदा जमलेली द्या. पहिल्यांदा जमलेली चार महिन्यांत पुण्याला जाते."

हजेरीचे दहा गुण सगळ्यात शेवटी गेले. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी.चा संप झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. आमच्या निम्म्या मुली वैराग, पांगरी, आगळगाव भागातल्या. वडापच्या जीपला रोज पैसे कुठून आणणार? आठवड्यातून दोनदा यायच्या आणि घरून कागदावरचं काम करून आणायच्या. त्या बॅचची पिशवी इतर बॅचेसपेक्षा वाईट गेली नाही. मग हजेरीचे गुण मी कशाचे देत होते? ज्याचं घर क्लासजवळ, त्याला दहा. इतकंच.

मोबाइलचा नियम मात्र कडक होता आणि तोच रोज मोडावा लागतो. दारात वेताची टोपली आहे, फोन तिच्यात. पण ईमेल उघडायचा तर ओटीपी येतो, तो टोपलीत. मग सगळे टोपलीपाशी. शेवटी ठरलं की ओटीपी टोपलीजवळ उभं राहून वाचायचा आणि फोन परत खाली. आता एआय आलं आहे. अर्ज, पत्रं पोरं त्याच्याकडून लिहून आणतात आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध असतं. मी अडवत नाही. फक्त समोर बसवून विचारते, "ह्यातला 'उपरोक्त' म्हणजे काय रे?" उत्तर आलं तर गुण, नाही तर परत.

राहिला पहिला नियम, फाइल स्वतःच्या नावाने आणि तारखेने सेव्ह करायची. त्याची गोष्ट अशी काही नाही. 'न्यू फोल्डर ४७' नावाच्या फोल्डरात कुणाचं काय आहे हे शोधण्यात ज्याने एक दुपार घालवली आहे, त्याला विचारायची गरज पडणार नाही.

मामा २०१४ साली गेले. सरकारने मशीनवरची टायपिंग परीक्षा बंद करून संगणकावरची सुरू केली, तो बदल त्यांनी पूर्ण पाहिला नाही. पंधरा मशीन भंगारात किलोवर गेली. एक गोदरेज ठेवलं आहे, रिबन वाळलेली आहे. टायपिंगच्या बॅचला मात्र त्यांचा तिसरा नियम अजून लागू आहे, वेगळ्या रीतीने. पहिले दोन महिने मी की-बोर्डवरची बॅकस्पेसची कळ स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढते आणि बरणीत ठेवते. चूक झाली की झाली, पुढे जा. शेवटी प्रिंट काढून लाल पेन्सिलीने गोल. दोन महिन्यांनी कळ परत मिळते, तोवर पोरांना तिची फारशी गरज उरलेली नसते.

आता बारा संगणक आहेत. त्यातले सात विंडोज ११ घेत नाहीत आणि विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले. सोलापूरच्या दुकानदाराने दिलेला दर बघून मी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. मेमध्ये बारावीची पोरं येतात, तेव्हा बघू. फी वाढवायची नाही असं ठरवलंय, फीचे हप्ते जास्त करून देईन.

आणि पाटीवर सध्या सहावी ओळ आहे, स्केच पेनने लिहिलेली. मागच्या आठवड्यात बरणीतल्या कळा मोजल्या तर बारापैकी अकराच भरल्या. म्हणून लिहिलं : 'बॅकस्पेसची कळ ज्याने नेली त्याने बरणीत आणून टाकावी. नाव विचारणार नाही.'